आजोबांच्या ट्रंकेतला धोटा

आडवा धागा (रविवार, रात्री ९:४०)

लालबागची खोली गेल्या महिन्यात रिकामी केली. चाळ पुनर्विकासाला गेली. पोटमाळ्यावर आजोबांची पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात फंडाच्या पावत्या, गावच्या जमिनीचे कागद, एक फेटा, आणि अगदी तळाशी जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला धोटा. आजोबा गिरणीत साचेवाले, म्हणजे विणकर. तीस वर्षं दोन साचे, म्हणजे माग, चालवले. धोटा घरी कसा आला, हे सांगायला आता कोणी उरलेलं नाही.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. होडीसारखं निमुळतं लाकूड, साधारण सव्वा फूट लांब. दोन्ही टोकांना पोलादी टोपणं, त्यातलं एक ठोके खाऊन बोथट झालंय. मधे खोल खाच आहे, तिच्यात सुताची कांडी बसते. खाचेच्या पुढे, एका बाजूला, चिनीमातीचा बारीक डोळा. कांडीचं सूत त्या डोळ्यातून बाहेर पडतं आणि धोटा उभ्या धाग्यांमधून धावत गेला की मागे आडवा धागा सोडत जातो. लाकूड इतकं गुळगुळीत झालंय की हातातून निसटतं.

आठवडाभर ही वस्तू टेबलावर आहे आणि मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचतोय. शाळेत ‘औद्योगिक क्रांती’ या धड्यात आपण एक यादी पाठ केली होती: जॉन के, धावता धोटा, १७३३. पुढे हारग्रीव्ह्ज, आर्कराईट, क्रॉम्प्टन, कार्टराईट. गाळलेल्या जागा भरण्यापुरती. त्या यादीतलं एक नाव दुसऱ्याला कसं बांधलेलं आहे, ते आत्ता कळतंय.

के हा इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या बरी गावाजवळचा. त्याच्या आधी विणकर धोटा एका हाताने टाकायचा आणि दुसऱ्या हाताने झेलायचा. म्हणजे कापडाचा पन्हा माणसाचे हात पोचतील तेवढाच. त्याहून रुंद कापड हवं असेल तर मागावर दोन माणसं बसायची. केने धोट्याला खाली छोटी चाकं लावली, मागाच्या दोन्ही टोकांना पेट्या केल्या आणि दोरीच्या एका हिसक्यावर धोटा या पेटीतून त्या पेटीत जाईल अशी सोय केली. दुसरा हात फणी ठोकायला, म्हणजे आडवा धागा घट्ट बसवायला, मोकळा. रुंद कापड आता एकटा माणूस विणू लागला, तेही भराभर.

आणि सूत पुरेनासं झालं. आधीच एका विणकराला पुरेल इतकं सूत काढायला चार-पाच जणी चरख्यावर बसायच्या. घरातल्या बायका, मुली, म्हाताऱ्या. ती निकड होती म्हणून १७६४ च्या सुमारास जेम्स हारग्रीव्ह्जचं जेनी हे कताईचं यंत्र आलं, एका चाकावर आठ चात्या (सूत पिळणाऱ्या सळया) फिरवणारं. जेनी घरात मावत होती. आर्कराईटची वॉटर फ्रेम (१७६९) घरात मावेना, तिला पाण्याचं चाक लागे. म्हणून १७७१ मध्ये क्रॉमफर्डला नदीकाठी गिरणी उभी राहिली आणि माणसं यंत्राकडे चालत जाऊ लागली. क्रॉम्प्टनच्या म्यूलने (१७७९) बारीक सूत मुबलक केलं. आता सूत भरपूर आणि विणकर कमी! हातमागवाल्यांना काही वर्षं चांगले दिवस आले. तोवर १७८५ मध्ये कार्टराईट नावाच्या पाद्र्याने यंत्रमागाचं पेटंट घेतलं होतं. तो माग सुधारत सुधारत कामाचा व्हायला पुढची तीसेक वर्षं गेली. ब्रिटनमध्ये १८१३ साली अडीच हजारांच्या आत असलेले यंत्रमाग १८३३ पर्यंत लाखाच्या घरात गेले. लँकेशायरच्या हातमाग विणकरांची त्या काळातली मजुरी बघितली तर पोटात गोळा येतो. काम तेच, हात तेच, आणि दर वर्षी दर उतरतोय.

आजोबांची एक आठवण सांगून थांबतो. कांडी संपली की नवी बसवायची आणि सुताचं टोक त्या डोळ्यातून बाहेर काढायचं. सुई वापरायला वेळ कुठला? ते डोळ्याला ओठ लावून आतल्या बाजूला श्वास ओढायचे. सूत सरकन बाहेर. आम्ही नातवंडं हट्ट करायचो आणि ते रिकाम्या धोट्यावर करून दाखवायचे. आम्हाला जादू वाटायची.

कोणाच्या घरी गिरणीतलं असं काही आहे का? किंवा घरच्यांच्या तोंडून ऐकलेलं?

---

कांडीमशीन (रविवार, रात्री ११:१५)

इचलकरंजीहून लिहितोय. आमचे आठ माग होते, खर्चीवर चालवायचो, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं आणि आम्हाला मजुरी. आता मुलगा शटललेसवर, म्हणजे बिनधोट्याच्या मागांवर गेला. धोट्याचा फोटो टाका, लाकूड सांगता येईल. विलायती धोटा असेल तर बहुतेक पर्सिमन. आपल्या टेंभुर्णीच्या जातकुळीतलं झाड आहे ते, अमेरिकेत होतं. घट्ट रेषा, सालपट सुटत नाही. सालपट सुटलं की उभे धागे पटापट तुटतात, म्हणून धोट्याच्या लाकडाला एवढी किंमत.

तुमच्या आजोबांच्या धोट्याला चाकं नसणार. पॉवरलूमचा धोटा सपाट तळाने धावतो. आणि केच्या धाकट्याचंही नाव घ्या. रॉबर्ट के, त्याचा मुलगा. १७६० च्या सुमारास त्याने वरखाली होणाऱ्या पेट्या काढल्या, त्यामुळे एकाच मागावर दोन-तीन रंगांचे धोटे आळीपाळीने सोडता येऊ लागले. आपल्या लुगड्याच्या चौकड्या त्या पेट्यांनी विणल्यात.

तोंडाने ओढायचा हिशेब करून बघा. जुना माग मिनिटाला दोनशेच्या आसपास फेरे टाकतो. वारभर पन्हा धरा. म्हणजे मिनिटाला दोनशे वार सूत. एका कांडीत बाराशे-तेराशे वार बसलं तर ती सहा मिनिटांत संपते. तासाला दहा कांड्या. दोन साचे, दहा तास. दिवसाला दोनशे वेळा ओठ धोट्याला. सूत कोरडं नसतं, त्याला तेल असतं, रंग असतो, बारीक तूस असते. ती सगळी घशात.

आमच्या गावात पहिला यंत्रमाग १९०४ चा. विठ्ठलराव दातारांनी बसवला, जहागीरदार नारायणराव घोरपड्यांच्या पाठिंब्याने. मुंबईत गिरणी सुरू होऊन तोवर पन्नास वर्षं होत आली होती.

---

वाचनवेडा (सोमवार, सकाळी ७:५०)

सुरेख धागा. एक शंका. केच्या घरावर विणकरांनी हल्ला केला, तो लोकरीच्या गाठोड्यात लपून पळाला, असं वाचलं होतं. यंत्रं फोडणाऱ्या लुडाइट लोकांचीच ती गोष्ट ना?

---

आडवा धागा (सोमवार, सकाळी ९:०५)

नाही, दोन्हींमध्ये साठ वर्षांचं अंतर आहे. लुडाइट १८११-१२ चे. सुरुवात नॉटिंगहॅमच्या पायमोजे विणणाऱ्यांनी केली. सरकारने १८१२ मध्ये यंत्र फोडणाऱ्याला फाशी असा कायदा केला. त्या कायद्याविरुद्ध कवी बायरन लॉर्ड्सच्या सभागृहात बोलला, ते त्याचं तिथलं पहिलं भाषण.

केच्या घरावरचा १७५३ चा हल्ला सर्रास सांगितला जातो, पण ती कथा पुष्कळ नंतर रंगवलेली आहे, म्हणून मी ती धाग्यात घेतली नाही. केला खरा दगा दिला तो कारखानदारांनी. त्यांनी त्याचा धोटा वापरला आणि पैसे द्यायची वेळ आली तेव्हा चक्क मंडळ काढलं. ‘शटल क्लब’. कोणावर केने दावा लावला की सगळ्यांनी वर्गणी काढून खर्च भागवायचा. दाव्यांमध्ये के धुऊन निघाला, फ्रान्सला गेला आणि तिकडेच वारला. हारग्रीव्ह्जच्या जेन्या मात्र खरोखर फोडल्या, १७६८ मध्ये, ब्लॅकबर्नच्या बाजूला. तो गाव सोडून नॉटिंगहॅमला गेला.

फोडणाऱ्यांना अडाणी म्हणायची पद्धत आहे, ती मला पटत नाही. चरख्यावर घर चालवणाऱ्या बाईला आठ चात्यांचं यंत्र शेजारच्या घरात दिसतंय. उद्या आपल्या सुताचा दर काय होणार हे तिला बरोबर कळलं होतं.

---

पावसाळी मँचेस्टर (सोमवार, दुपारी ४:३०)

मी इथे बावीस वर्षं राहते. मुलांना घेऊन स्टायलच्या क्वारी बँक मिलमध्ये दोन-तीनदा गेलेय. सॅम्युअल ग्रेगने १७८४ मध्ये काढलेली कापूस गिरणी, आता संग्रहालय आहे. तिथे जुने माग चालवून दाखवतात. मोजून तीन-चार माग सुरू केले तरी शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. शेकडो माग असलेल्या खात्यात काय होत असेल! लँकेशायरच्या विणकर बायकांनी म्हणूनच ओठांची भाषा केली होती. शब्द मोठे मोठे ओठ करून बोलायचे, आवाज काढायचाच नाही. खात्याच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईशी सुखदुःखाचं बोलायची. कामावरून सुटल्यावरही ती सवय सुटत नसे.

गिरणीजवळच मुलांचं घर आहे. अनाथ, गरीब मुलं अनाथालयांतून आणून तिथे ठेवत आणि अन्न, वस्त्र, छप्पर यांच्या बदल्यात दिवसाचे बारा तास काम घेत. माझी धाकटी तेव्हा नऊ वर्षांची होती. मार्गदर्शक बाईंनी तिला चालत्या यंत्राखाली वाकून कापसाची तूस कशी गोळा करायची ते (यंत्र बंद ठेवून) दाखवलं. ती आत सहज मावली. मला तिथे उभं राहवेना. १८३३ च्या कायद्याने नऊ वर्षांखालच्या मुलांना कापडगिरण्यांत बंदी केली आणि कायदा पाळला जातो का ते बघायला निरीक्षक नेमले. सगळ्या देशाला चार!

आणि हो, सूत तोंडाने ओढण्याला इथे नावच आहे: ‘धोट्याचा मुका घेणे’. म्हाताऱ्या विणकरणींचे पुढचे दात त्यामुळे किडायचे म्हणतात. एकच धोटा अनेकांच्या तोंडाला लागायचा म्हणून क्षयाची भीती डॉक्टरांनी लावून धरली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये त्यावर बंदी आणली. इंग्लंडला मात्र नियम करायला १९५२ साल उजाडलं.

---

रिंगखातं (सोमवार, रात्री १०:२०)

आडवा धागा, तुम्ही आजोबांबद्दल मायेने लिहिलंय. ते वाचून कालपासून लिहू की नको करत होतो. लिहितोच.

आमच्या घरात धोटा सापडणं शक्य नव्हतं. माझे पणजोबा सातारा जिल्ह्यातून मुंबईला आले, गिरणीत लागले आणि हात थकेपर्यंत रिंग खात्यात, म्हणजे सूत काततात त्या खात्यात राहिले. आजोबाही तिथेच. आम्ही महार. साचेखात्यात आमच्या माणसांना घेत नसत. कारण तुम्ही सांगितलंत तेच: तोंडाने सूत ओढणं. पाळी बदलली की धोटा एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी जाणार. महाराचं तोंड लागलेला धोटा मराठा किंवा मुसलमान साचेवाला तोंडाला लावणार नाही, म्हणून महार त्या खात्यातच नको.

साचेवाल्याची कमाई रिंगवाल्यापेक्षा बरीच जास्त. म्हणजे चिनीमातीच्या त्या एवढ्याशा डोळ्याने आमच्या तीन पिढ्यांचा पगार ठरवला.

माझी आजी एक गोष्ट सांगायची, ती मला अजून झोपू देत नाही. रिंगवर सूत तुटलं की ते बोटांनी सांधायचं. दिवसभर हेच काम, शेकडो वेळा. ते सूत कांड्यांवर चढून साचेखात्यात जायचं आणि साचेवाला तेच सूत तोंडात ओढायचा. आमच्या बोटांचं सूत तोंडात चालत होतं.

---

आडवा धागा (मंगळवार, पहाटे १:१०)

रिंगखातं दादा, तुम्ही लिहिलंत हे बरं झालं.

साचेखात्यात आमचे गाववाले होते, भावकी होती, मोमीन (मुसलमान विणकर) होते, उत्तरेकडचे भय्ये होते. आजोबांच्या बोलण्यात ही सगळी माणसं यायची. त्यांच्यात महार साचेवाला एकही नव्हता हे मला आज, तुमचं वाचल्यावर, पहिल्यांदा लक्षात आलं. एवढी वर्षं त्या गोष्टी ऐकल्या आणि हे एकदाही खटकलं नाही. आजोबांनी कधी विरोध केला असेल का? मला वाटत नाही. केला असता तर घरात ऐकलं असतं.

धोटा टेबलावर समोर आहे. तो डोळा मी कालपर्यंत वेगळा बघत होतो.

---

नाक्यावरचा (मंगळवार, सकाळी ११:००)

रिंगखातं यांच्या मताबद्दल आदर आहे, पण सगळं धोट्यावर टाकू नये असं मला वाटतं. भरती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या हातात होती. जॉबर आपल्या गावचा, आपल्या जातीचा माणूस आणायचा, त्याच्याकडून दस्तुरी, म्हणजे आपला हप्ता घ्यायचा. कोणी नवखा आला की त्याला साचा शिकवणार कोण? आपलाच काका किंवा मेव्हणा. जास्त पगाराचं खातं होतं म्हणून तिथल्यांनी ते राखून ठेवलं. धोटा नसता तर दुसरं कारण सापडलं असतं. शिवाय गिरणी नसती तर ही माणसं गावातच वतनाच्या कामात अडकून राहिली असती. यंत्राने बाहेर काढलं हेही खरं ना?

---

रिंगखातं (मंगळवार, रात्री ९:३०)

तुमचा दुसरा मुद्दा आधी घेतो. होय, खरं आहे. पणजोबांच्या हातात महिन्याला रोख पैसा पडला. गावात त्यांच्या वाट्याला होतं ते मेलेलं ढोर ओढणं, सांगावे पोचवणं आणि भाकरीचे तुकडे. परळच्या चाळीत एका खोलीत बारा जण झोपत, पाळीप्रमाणे, पण पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना चपला हातात घ्याव्या लागत नव्हत्या. याच गिरणगावात, परळच्या चाळीत बाबासाहेब वर्षानुवर्षं राहिले. मुंबईने आम्हाला पुष्कळ दिलं, मी ते नाकारत नाही.

पण जॉबरचं म्हणाल, तर जॉबर रिंग खात्यातही होता. तिथे आम्हाला नोकरी मिळाली. साचेखात्याच्या दारातच अडलं. निमित्त म्हणा, कारण म्हणा, जी गोष्ट पुढे केली जायची ती धोटाच होती. आणि हे आमच्या घरचं गाऱ्हाणं तेवढं नाही. १९२८ चा मोठा संप आठवा. एप्रिल ते ऑक्टोबर, सहा महिने, जवळपास दीड लाख कामगार. मालकांना एका साचेवाल्याला दोनाऐवजी तीन साचे द्यायचे होते, रिंगवाल्याला रिंग यंत्राच्या एकाऐवजी दोन बाजू द्यायच्या होत्या. संपाच्या पुढाऱ्यांनी मागण्यांची यादी केली. बाबासाहेबांनी विचारलं की साचेखात्यात अस्पृश्यांना काम मिळावं ही मागणी तिच्यात कुठे आहे? पुढारी कम्युनिस्ट होते, समतेचं बोलणारे होते. त्यांनाही ती आधी सुचली नव्हती, कारण सभासदांत साचेवाल्यांचं वजन जास्त. लढा मालकाशी होता आणि दार आतून बंद होतं.

---

पावसाळी मँचेस्टर (मंगळवार, रात्री ११:४५)

रिंगखातं दादा, हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले. तोच धोटा. मुंबईच्या पहिल्या गिरणीची, म्हणजे १८५४ मध्ये कावसजी दावरांनी काढलेल्या ताडदेवच्या गिरणीची यंत्रं ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची. ओल्डहॅम माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. इथे त्या डोळ्याला तोंड लावण्यावरून भांडण झालं ते रोगजंतूंचं. बोटीत चढवताना यंत्र तेच होतं.

---

चौथी घंटा (बुधवार, दुपारी २:१५)

सगळे साचेखातं, रिंगखातं म्हणताय, पण वायंडिंग आणि रिळिंगमधल्या, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यांतल्या बायका कोणी आठवायच्या? माझी पणजी रिळिंगला होती. रिळावर गुंड्या करायच्या, गुंडीवर पैसे. उभं राहून काम. तान्ह्या बाळाला अफूची गोळी चाटवून चाळीत निजवून यायच्या बायका, कारण घरी सांभाळायला कोणी नाही. हे तिने स्वतः केलेलं आहे आणि सांगताना ती दर वेळी रडायची.

रविवारची सुट्टी आपण जन्मसिद्ध समजतो. ती मिळवून दिली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ते सत्यशोधक, जोतिरावांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक आणि काही काळ गिरणीत स्टोअरकीपर. १८८४ च्या सप्टेंबरात परळला सभा घेऊन त्यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, अपघात झाला तर भरपाई. मागण्या वाचा, म्हणजे आधी काय चालायचं ते कळतं. पगार दीड-दीड महिना अडकवून ठेवायचे. १८८१ चा फॅक्टरी कायदा होता, पण तो मुलांपुरता: सात वर्षांखालच्यांना बंदी, बारापर्यंतच्यांना नऊ तास. मोठ्यांना काहीच नाही.

मग एप्रिल १८९० ला रेसकोर्सच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायका बोलल्या. दोन बायका, १८९० साली, दहा हजारांपुढे! १० जूनला मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. त्या दोघींची भाषणं शब्दशः वाचायला मिळाली असती तर मी काहीही दिलं असतं.

लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगने गेले. साथीत लोकांची सेवा करताना.

---

वाचनवेडा (बुधवार, संध्याकाळी ७:३०)

चौथी घंटा ताई, अफूचं वाचून काटा आला.

एक प्रश्न सगळ्यांना. तोंडाने ओढावंच लागू नये असा धोटा कोणाला सुचला नाही का? साधी खाच पाडली असती तर हा सगळा विटाळच संपला असता.

---

कांडीमशीन (बुधवार, रात्री ९:५०)

सुचला होता. बाजूला तिरकी चीर पाडलेला धोटा मिळायचा, सूत चिरेत अडकवून बोटाने खाली ओढलं की डोळ्यात बसतं. लँकेशायरमध्ये असे बरेच निघाले. ते महाग, आणि सूत कधीकधी चिरेतून निसटायचं. साचेवाल्यालाही नको असायचे. त्याचा पगार वारावर. ओठाने एका क्षणात होतं, बोटाने तीन क्षण. दिवसाला दोनशे वेळा दोन क्षण जास्त म्हणजे कापड कमी. मालकाला धोटा बदलण्याचा खर्च नको, साचेवाल्याला कमाई कमी व्हायला नको.

पुढे अमेरिकेत जेम्स नॉर्थ्रपने १८९० च्या दशकात कांडी आपोआप बदलणारा माग केला. माग चालू असतानाच रिकामी कांडी खाली पडते, भरलेली आत बसते, सूत आपोआप ओवलं जातं. तोंडाचा संबंध संपला. जपानात साकिची टोयोडांनी १९२४ मध्ये त्याहून सरस माग काढला. १९२९ मध्ये त्याचे हक्क कोणी घेतले माहीत आहे? त्याच प्लॅट ब्रदर्सनी. आपल्याकडे बहुतेक गिरण्या साधे माग ठोकत राहिल्या, कारण माणूस स्वस्त होता.

रिंगखातं साहेब, एक सांगतो. आमच्या गावात यंत्रमाग घरोघरी झाले त्यानंतर मागावर सगळ्या जातींची माणसं आली. माझ्याकडे तुमच्या समाजातले दोघे बारा वर्षं मागावर होते. धोटे तेच, तोंडानेच ओढायचे. माझ्या वडिलांनी सुरुवातीला त्यांचे धोटे खुणा करून वेगळे ठेवले होते. लाल रंगाचा ठिपका. मी तेव्हा शाळेत होतो, मला तो ठिपका मारायला सांगायचे. मी मारलेत. मोठा झाल्यावर कारखाना माझ्या हातात आला तेव्हा बंद केलं. पण मारलेत.

---

रिंगखातं (बुधवार, रात्री ११:०५)

काका, हे उघड लिहिल्याबद्दल आभार. आमच्या गल्लीतला कोणी साचेखात्यात ‘परमनंट’ झाला ते माझ्या वडिलांच्या काळात, साठीच्या दशकात. त्या दिवशी आजोबांनी पेढे वाटले होते असं वडील सांगतात. दुसऱ्याच्या मुलाच्या नोकरीचे पेढे.

आडवा धागा, एक विनंती. तो धोटा मला एकदा हातात घेऊन बघायचाय. मुंबईतच असतो.

---

आडवा धागा (गुरुवार, सकाळी ८:२०)

जरूर या, रविवारी या. पत्ता खाजगी निरोपात पाठवतो. वडिलांनाही घेऊन या, त्यांना जमत असेल तर.

कांडीमशीन काका, फोटो टाकलाय. लाकूड ओळखता आलं तर सांगा. डोळ्याच्या खालून एक बारीक रेघ फुटतेय, तडा जाईल अशी भीती वाटते. काय करू?

---

कांडीमशीन (गुरुवार, सकाळी १०:४०)

पर्सिमनच आहे. रेघ अजून वरवरची आहे, आत गेलेली नाही. कच्चं जवसाचं तेल आणा, उकळलेलं नको. फडक्याने हलका हात मारा, रात्रभर राहू द्या, सकाळी कोरड्या फडक्याने पुसा. असं आठवडाभर करा. चिनीमातीच्या डोळ्याला तेल लागू देऊ नका, तिथला सांधा सुटतो. उन्हात ठेवू नका, आणि फ्रिजच्या डोक्यावर तर अजिबात नको.